धर्मकाट्यावरची शाळा

खुमेंद्र कटरेच्या मोबाइलमध्ये एक पोरगी होती आणि ती कधीही उपाशीपोटी शाळेत गेली नाही.

सकाळी तिला उठवायचं, न्हाणीघरात पाठवायचं, दूध आणि अंडं द्यायचं, दारात पिवळी बस थांबायच्या आत तिच्या डोक्यावरची पट्टी हिरवी करून ठेवायची. पट्टी पिवळी पडली की पोरीचं वर्गात लक्ष लागत नाही. लाल झाली की ती रडत घरी येते आणि तिचा शेरा एक पायरी खाली घसरतो. हे सगळं खुमेंद्रला पाठ होतं. कुडव्याच्या पुढे एका राइस मिलच्या फाटकाशी जो धर्मकाटा आहे, तिथल्या पत्र्याच्या खोलीत बसून तो ट्रक तोलायचा. ट्रक लोखंडी फळीवर चढला की बटण दाबायचं, चिठ्ठी फाडून ड्रायव्हरच्या हातात द्यायची. दोन ट्रकांच्या मधला सगळा वेळ त्या पोरीच्या शाळेचा.

हा खेळ त्याला रायपूरच्या एका ड्रायव्हरनं दाखवला होता. खेळात माणसाचा अख्खा संसार मांडता येतो. खुमेंद्रनं निळ्या छपराचं दुमजली घर बांधलं, पिवळ्या केसांची बायको आणली. पोरगी झाली तेव्हा मोबाइलनं नाव विचारलं. नाव शोधायला डोकं लागतं. त्यानं आपल्या खऱ्या पोरीचंच नाव टाकलं, रुचि, कारण आधार कार्डाच्या भानगडीत ते स्पेलिंग त्याच्या बोटाला बसलं होतं.

खरी रुचि तेव्हा दहावीत होती. ती दहावी पास झाली, अकरावीला सायन्सला गेली, बारावीला बसली, आणि या सगळ्या काळात तिच्या बापानं तिला अभ्यासाबद्दल विचारलेला एकच प्रश्न म्हणजे, "लाइट बंद करतेस का वं, डोरे दुखून राहिले माये." तिच्या आत्यानं एका लग्नात विचारलं, टुरी कितवीत आहे? खुमेंद्र म्हणाला, "असंन नववी-दहावीत." तेव्हा ती बारावीत होती आणि त्याच्याच शेजारी पत्रावळीवर वरण वाढत होती.

मोबाइलमधल्या पोरीचं मात्र त्याला सगळं माहीत. तिला गणित आवडत नाही. तिला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं तर गृहपाठ लवकर उरकतो, म्हणून त्यानं खेळातलं सगळ्यात भारी टेबल आणलं होतं. घरात खरी रुचि तिच्या आईच्या शिलाई मशीनच्या फळीवर अभ्यास करायची. आईला ब्लाऊज शिवायचे असले की वही घेऊन उठायची आणि चुलीजवळ बसायची.

एकदा खेळातल्या मोठ्या शाळेत प्रवेश घ्यायचा होता. त्याची रीत अशी की हेडमास्तर घरी जेवायला येतो. घर स्वच्छ पाहिजे, जेवण चांगलं पाहिजे, गप्पा गोड पाहिजेत, मग तो प्रवेश देतो. खुमेंद्र घामाघूम होऊन हेडमास्तरला वाढत होता आणि काट्यावर तांदळाचा ट्रक उभा होता.

"अरे भैया, गाड़ी काँटे पे खड़ी है!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"रुको ना यार, प्रिंसिपल आया है!"

ड्रायव्हरनं घाईघाईनं शर्टाची बटणं लावली, बिडी विझवली आणि प्रिंसिपल कुठून येतो म्हणून रस्त्याकडे पाहत उभा राहिला.

हा किस्सा मिलमध्ये सगळे हसून सांगायचे, काट्याच्या खोलीला शाळा म्हणायचे आणि खुमेंद्रला मास्तर. खुमेंद्रची बायको सुखवंता मात्र कधी हसली नाही. ती दवनीवाड्याची. आठवीनंतर तिला घरच्यांनी शाळेतून काढलं, आणि ते तिला अजून लागून होतं. रुचीच्या शाळेतल्या पालक सभेला तीच जायची, पायातली चप्पल दाराशी काढून मागच्या बाकावर बसायची. घरी आली की नवरा पलंगावर आडवा. डाव्या हातात खर्रा. तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटून केलेला तो ओला चुरा त्याच्या गालात दिवसभर मुरलेला असायचा आणि त्याच अंगठ्यानं तो मोबाइल चालवायचा. काचेवर तपकिरी चिकट रेघा. चार्जिंगला लावताना सुखवंता मोबाइल पदरानं पुसायची आणि मग तो पदर धुवेपर्यंत तिला भाकरीला हात लावावासा वाटायचा नाही. नवऱ्याच्या गालातल्या लाळेखाली ती पिवळ्या केसांची बाई आणि ती गोरीगोमटी पोर हसत उभ्या असायच्या. सुखवंताला शिसारी यायची. कुणाची जास्त, हे तिनं कधी ठरवलं नाही.

बारावीनंतर रुचीनं नीटची परीक्षा दिली ती मैत्रिणींनी दिली म्हणून. मार्क सांगण्यासारखे नव्हते आणि तिनं त्याचं दुःखही केलं नाही. तिला नर्स व्हायचं होतं. आजी आजारी असताना ती सरकारी दवाखान्यात सोबतीला राहिली होती. तिथं सलाईन लावायला आलेल्या दोघांना म्हातारीची शीर सापडली नव्हती. मग एक सावळी, ठेंगणी नर्स आली, म्हातारीशी नातवंडांच्या गोष्टी बोलत बोलत तिनं सुई लावली आणि म्हातारीला कळलंसुद्धा नाही. रुचीनं तेव्हाच ठरवलं. सप्टेंबरात गोंदियाच्या एका नर्सिंग कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. सोमवारी मूळ कागद घेऊन हजर व्हायचं, नाही तर जागा पुढच्या पोरीला.

त्याच आठवड्यात मोबाइलमधली रुचि मेडिकलला लागली.

खुमेंद्रनं तिच्यासाठी काय नाही केलं? खेळण्याआधी गृहपाठ, गृहपाठाआधी जेवण, परीक्षेच्या आदल्या दिवशी लवकर झोप. मोबाइलवर इंग्रजीत पाटी आली: अभिनंदन, रुचीची वैद्यकीय विद्यापीठात निवड, पूर्ण शिष्यवृत्तीसह. त्याला भरून आलं. त्यानं तेवढीच पाटी कापून व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावली. खाली दोन फुलं.

नेमके ते दिवस मेडिकलच्या याद्या लागण्याचे. पोवार समाजाच्या स्थानिक समितीचे अध्यक्ष गुलाबचंद रहांगडाले रोज सकाळी चहाबरोबर सगळ्यांचे स्टेटस पाहतात. त्यांनी हे पाहिलं आणि लगेच फोन लावला.

"जय राजा भोज, खुमेंद्र! अरे, सांगतला नाई गा! टुरी मेडिकलले लागली?"

खुमेंद्रच्या तोंडात खर्रा होता. त्यानं मान वर करून, लाळ सांभाळत, "हूं" केलं.

तोंडात खर्रा होता म्हणून नुसतं हूं निघालं, असं तो पुढे सगळ्यांना सांगत राहिला. पण खर्रा थुंकता येतो. आणि त्यानंतर समाजाच्या ग्रुपवर अभिनंदनाचा जो पूर आला, त्यातल्या एकेकाला त्यानं हात जोडलेलं चित्र पाठवलं, ते काही गालानं पाठवलं नव्हतं.

दर वर्षी दवनीवाड्याला समाजाच्या भवनात गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, काचेची शिल्ड, आणि नाक्यावर फ्लेक्स. दोन दिवसांत कुडव्याच्या नाक्यावर फ्लेक्स लागलासुद्धा. रुचीचा मावशीच्या लग्नातला फोटो, अर्धी मावशी कापलेली, खाली ठळक अक्षरं: आमच्या समाजाची भावी डॉक्टर.

सुखवंताला हे शेजारच्या शामकलाबाईकडून समजलं.

"का वं डॉक्टरची माय, पेढे लपवून ठेवलीस का?"

"कोन डॉक्टर?"

"आता मोठी झालीस ना, मून बोलत नाईस. आमाले का, सुई टोचाले येऊन जाऊ तुया घरी फुकट."

सुखवंता नाक्यावर जाऊन फ्लेक्स पाहून आली. संध्याकाळी नवरा येऊन पायातले बूट काढत होता, तशी ती समोर उभी राहिली.

"रुचीचे बाबा, तो नाक्यावर का लटकवला?"

"मी कुठं लटकवलो? समितीनं लावला."

"तुमी सांगतले मून लावला."

"मी काईच नाई सांगतलो. त्यायनंच समजून घेतला."

"मंग आता लावा फोन आन सांगा, खोटा होय मून."

खुमेंद्रनं बूट भिंतीशी लावले. नीट, जोडीनं. एरवी तो कधी लावत नाही.

"आता कसा सांगू? फ्लेक्स लागला."

रुचि आतून बाहेर आली. "बाबा, सोमवारी माझी नर्सिंगची ॲडमिशन हाय."

"ते राहू दे आता."

"काऊन राहू दे?"

"अवं, समजून घे. रविवारी तू स्टेजवर डॉक्टर मून चढशील आन सोमवारी नर्सिंगच्या लायनीत उभी राहशील, तं लोकं का मनतील? एक साल घरी बस. नीट रिपीट मार. पुढच्या साली नंबर लागला की झाला. एका सालाचाच तं मामला."

"मले नीटमध्ये किती मार्क हायेत, माहीत हाय का तुमाले?"

त्याला माहीत नव्हतं. पण तो अडला नाही. खाटेवर बसला, मांडी घातली आणि तिला समजावू लागला. त्याचा आवाज मऊ झाला होता, या घरात कुणी कधी ऐकला नव्हता इतका.

"मार्काचा टेन्शन घेऊच नोको. मी टाइमटेबल लावून देतो. सकारी उठाचा, पोटभर खाचा, खेळ-टीव्ही सगळा अभ्यासाच्या बादमध्ये. मूड खराब असला तं पुस्तक हातात घ्याचाच नाई. मी तुले काढतो ना मेडिकलले! मले अनुभव हाय."

त्याला खरंच वाटत होतं. चेष्टा नव्हती. एक पोर वाढवून, शिकवून डॉक्टर करायला पाठवली, आता दुसरीचं करू, असा त्याचा चेहरा. सुखवंता मोरीत जाऊन थुंकली.

दुसऱ्या दिवशी रुचीच्या कपाटातली प्लास्टिकची फाइल गायब होती. दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, सगळं त्यात.

"कागद काट्यावर हायेत, माया ड्रॉवरमध्ये," खुमेंद्रनं चहा पीत सांगितलं. "कुलूपबंद. रविवारी सरळ स्टेजवर चढाचा, शाल घ्याची, उतराचा. मंग पाहू कागदाचा."

"आपल्याच लेकीले कोंडता?" सुखवंता म्हणाली.

"कोंडला कोनाले? कागदाले कोंडलो."

रविवारी दवनीवाड्याला मायलेकी स्कुटीवर गेल्या, खुमेंद्र आपल्या मोटरसायकलवर. भवनात पंखे फिरत होते, पण हवा जाडच होती: घाम, अगरबत्ती आणि मागच्या अंगणात शिजणाऱ्या वांग्यांचा वास. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली माणसं रुचीच्या डोक्यावर हात ठेवत होती. एक म्हातारी तिच्या हाताची नाडीच पुढे करत होती. "पाह्य वं माय, भवर येऊन राहिली मले." रुचीनं खरंच नाडी पाहिली. मग मान खाली घालून बसली.

गुलाबचंदजींनी माइकवर तिचं नाव पुकारलं. "भाइयों और बहनों, ही टुरी! बाप काट्यावर काम करते, माय मशीन चालवते, आन ही डॉक्टर बनून राहिली! जोरदार तालियाँ!"

रुचि वर चढली. शाल अंगावर पडली, नारळ एका हातात, शिल्ड दुसऱ्या हातात. फोटोवाला गुडघ्यावर बसला. गुलाबचंदजींनी माइक तिच्या तोंडापुढे धरला. "दोन शब्द बोल बेटा. लहानायले सांग, अभ्यास कसा करावा."

रुचीनं पहिल्या रांगेत बसलेल्या बापाकडे पाहिलं. त्याची मान खाली होती आणि अंगठा चालू होता.

"मेडिकलला लागलेली रुचि मी नाही," ती म्हणाली. "ती माझ्या बाबांच्या मोबाइलमधल्या खेळातली पोरगी आहे. माझा नंबर नर्सिंगला लागला आहे. तिथं मला उद्या जायचं आहे आणि माझे कागद बाबांनी कुलपात ठेवले आहेत."

पंखे करकरत होते. मागून कुणी विचारलं, "का मनली?" दुसऱ्यानं सांगितलं, "नर्सिंग होम खोलणार मनते."

गुलाबचंदजी पंचायत समितीतून रिटायर झालेले. आयुष्यभर त्यांनी सभा सांभाळल्या. त्यांनी माइक अलगद काढून घेतला आणि हसले.

"पाहा! इतकी मोठी झाली, पन पाय जमिनीवर! मनते, मी डॉक्टर नाई, मी तर नर्ससारखी सेवा करनार! यालेच संस्कार मनतात!"

टाळ्या पडल्या. आधीपेक्षा जोरात. गुलाबचंदजी तिच्या कानाशी वाकले आणि फोटोसाठी दात दाखवतच म्हणाले, "बेटा, शिल्डवर नाव कोरून झाला. आता कोनाले देता येत नाई. एक फोटो काढ आन उतर."

फोटो निघाला. रुचि उतरली. खाली बसलेल्या एका बाईनं आपल्या पोराला तिच्या पाया पडायला ढकललं.

खरं बोलून झालं होतं आणि त्याचा काडीचा फरक पडला नव्हता. सुखवंताला सगळं भवनच घाण वाटलं, टाळ्यांसकट, वांग्यांसकट. ती पोरीला घेऊन मागच्या अंगणात गेली. पंगत उठली होती. लोकांना हात धुवायला एक मोठा ड्रम ठेवला होता. कुणी त्यातच हात बुडवले होते, कुणी चूळ भरली होती. पाण्यावर भाताची शितं, तेलाचे डोळे आणि खर्र्याची लाल थुंकी तरंगत होती.

खुमेंद्र मागोमाग आला. रागानं आला असता तरी चाललं असतं. तो हसत आला.

"बरा झाला, अध्यक्षानं सांभाळून घेतला. नाई तं बजबजपुरीच केली होती टुरीनं." आणि पुन्हा मोबाइल वर काढला.

सुखवंतानं तो त्याच्या हातातून हिसकला. लग्न झाल्यापासून तिनं त्याच्या हातातलं काही हिसकलं नव्हतं. ड्रमच्या मधोमध, त्या पाण्यावर, दोन बोटांत धरला. चिकट होता.

"ड्रॉवरची चावी."

"सुखवंता, पागल झालीस का?"

"चावी द्या. नाई तं सोडतो मी."

खुमेंद्रचा चेहरा पांढरा पडला. आतमध्ये पोरगी माइकवर बोलली तेव्हा पडला नव्हता. त्यानं दोन्ही हात पुढे केले, लेकरू पडताना धरतात तसे.

"अवं नोको, नोको! तिचा पेपर सुरू हाय! पहिल्या सेमिस्टरचा! मधातच बंद झाला तं नापास धरते!"

"कोनाचा पेपर?"

"रुचीचा!"

रुचि तिथंच उभी होती. बगलेत शिल्ड, खांद्यावरून घसरलेली शाल. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचे डोळे ड्रमवर होते. एका हातानं त्यानं पँटच्या खिशात चाचपडलं, खर्र्याच्या पन्नीत गुंतलेली चावी ओढून काढली आणि जमिनीवर फेकली. सुखवंतानं मोबाइल त्याच्या हातात दिला. त्यानं लगेच तो शर्टाला पुसला आणि भिंतीच्या सावलीत जाऊन उकिडवा बसला.

चावीला तंबाखू चिकटला होता. रुचीनं ती उचलली, नव्या शालीच्या टोकानं नीट पुसली, आणि ती शाल तिथंच खुर्चीवर टाकली. शिल्डही टाकली.

राइस मिलच्या फाटकावर फागू उइके चौकीदार होता. मायलेकींना पाहून त्यानं काही न विचारता काट्याची खोली उघडली. "रविवारी बी शारा हाय का वं?" तो म्हणाला. "मास्तर तं नाई आला." कोणी हसलं नाही, तशी तो आपला बाजूला झाला. कोपऱ्यात भिंत कमरेपर्यंत लाल होती. वर्षानुवर्षांची थुंकी, वाळून पापुद्रे धरलेली. खुर्चीवर बसल्या बसल्या जिथवर पोहोचते तिथवर. सुखवंतानं पदर नाकाला लावला. रुचीनं ड्रॉवर उघडून फाइल काढली, कागद एकेक करून पाहिले. बारावीच्या मार्कशीटवर अंगठ्याचा एक तपकिरी डाग होता. तिनं नखानं खरवडला. पुरता गेला नाही.

सोमवारी कॉलेजच्या खिडकीशी सुखवंता पोरीच्या मागे उभी राहिली. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले, डागापाशी थांबल्या, नाक मुरडलं आणि पुढचं पान उलटलं.

"पालकांची सही लागेल. वडील कुठं आहेत?"

"शाळेत," सुखवंता म्हणाली.

"मास्तर आहेत का?"

"नाई." तिनं खिडकीतून हात आत घातला आणि बाईंच्या पुढ्यातला पेन उचलला. "मायची चालते ना?"

"चालते की. इथं करा, या रेघेवर."

आठवीत शिकलेली तिची सही लांब आणि सावकाश होती. मागे उभ्या असलेल्या एका बापानं घाई केली, "लवकर करा ना बाई." रुचि मागे वळून त्याला म्हणाली, "थांबा जरा, काका." आणि आईचं आडनाव संपेपर्यंत तिनं खिडकीवरचा हात काढला नाही.